रेषेंतलें घर

चित्र म्हटलें म्हणजे त्यांत कांहीं तरी पाहावयास मिळावें, ही सामान्य प्रेक्षकाची अपेक्षा स्वाभाविकच आहे. डोंगर, नदी, देवता, राजा, निदान फुलांनीं भरलेली एखादी परडी तरी त्याला हवी असते. अशा प्रेक्षकास एखाद्या संग्रहालयांत नेऊन एका कागदापुढें उभें केलें, आणि त्या कागदावर वेडीवांकडी वळणें घेत गेलेल्या एका जाड काळ्या रेषेवांचून दुसरें फारसें कांहीं नसलें, तर तो काय म्हणेल? 'एवढेंच?' हाच त्याचा पहिला प्रश्न असेल. परंतु त्या चित्राचें नांव त्यानें वाचलें, म्हणजे तो क्षणभर थबकेल. नांव आहे 'विभाजक रेषा'. १९४७ सालीं भारत व पाकिस्तान यांच्यामध्यें जी सीमा पडली, तीच ही रेषा होय. लाकडाच्या फळीवर कोरून छापलेलें हें मुद्राचित्र झरीना या चित्रकर्त्रीनें २००१ सालीं केलें.

त्यांचें पूर्ण नांव झरीना हाश्मी. परंतु कलेच्या जगांत त्या 'झरीना' या एकाच नांवानें ओळखल्या जात. १९३७ सालीं अलीगढ येथें त्यांचा जन्म झाला आणि २०२० सालीं लंडन येथें वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं त्या वारल्या. मधल्या काळांत बँकॉक, पॅरिस, दिल्ली, टोकियो व न्यूयॉर्क अशा अनेक शहरांत त्यांचा संसार मांडला गेला आणि मोडला गेला. कलासमीक्षक त्यांची गणना अल्पतमवादी कलावंतांत करतात. म्हणजे अगदीं थोड्या साधनांनीं, थोड्या आकारांनीं व बहुधा एकाच रंगानें काम भागविणाऱ्यांत. हें अल्पत्व त्यांनीं अमेरिकेंतून घेतलें, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती सर्वस्वीं चूक नाहीं, पण अपुरी आहे. झरीनाबाईंची रेषा कोठून निघाली व कोणकोणत्या गांवांवरून आली, हें पाहिलें म्हणजे तिच्या अल्पत्वाचें मर्म ध्यानांत येतें.

प्रथम अल्पतमवाद म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. १९६० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क शहरांतील कांहीं तरुण कलावंत त्या वेळच्या रूढ चित्रकलेस विटले होते. त्या चित्रकलेंत रंगाचे मोठमोठे फटकारे, कलावंताच्या मनाची खळबळ व त्याच्या हाताची लहर यांचें मोठें प्रस्थ माजलें होतें. या तरुणांनीं तें सगळें झटकून टाकलें. डोनल्ड जड यानें लाकडाच्या व धातूच्या साध्या पेट्या केल्या. कार्ल आंद्रे यानें विटा व धातूच्या चौकोनी फरशा जमिनीवर ओळीनें मांडल्या. सोल लुइट यानें नुसत्या पांढऱ्या चौकटींचे घन रचले. १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्यूझियममध्यें या वळणाच्या शिल्पांचें एक मोठें प्रदर्शन भरलें, आणि या पंथाकडे सर्वांचें लक्ष वेधलें. या मंडळींचें म्हणणें असें कीं, पेटी ही पेटी आहे. ती कशाचेंहि प्रतीक नाहीं आणि तिच्यांत कोणाची कथा दडलेली नाहीं. पाहणाऱ्यानें तिचा आकार, तिनें व्यापलेली जागा आणि तिच्यावर पडलेला उजेड एवढेंच पाहावें.

झरीनाबाईंच्या कागदावरहि वस्तु थोड्याच असतात. पण त्यांच्या रेषेला कथा आहे. किंबहुना सगळी कथा सांगून झाल्यावर जें टाकतां येण्यासारखें नव्हतें, तेंच त्या कागदावर उरलें आहे. एकानें घर बांधतांनाच सामान नको म्हणून ठरविलें, आणि दुसऱ्यास घर सोडतांना हातांत मावेल तेवढेंच घेतां आलें. दोघांच्याहि खोल्या सारख्याच रिकाम्या दिसतील. पण त्या रिकामपणाचा अर्थ एक नव्हे.

झरीनाबाईंचे वडील अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठांत इतिहासाचे प्राध्यापक होते, व त्यांचें बालपण विद्यापीठाच्या परिसरांतच गेलें. भिंतींनीं वेढलेलें अंगण, उन्हाळ्याच्या दुपारचा कडक वारा, रात्रीं थोरल्या बहिणीशेजारीं अंगणांत निजून पाहिलेले तारे, या गोष्टी त्यांच्या पुढील आयुष्यांतील चित्रांतून पुनःपुन्हां येतात. वडील इतिहासाचे जाणते असल्यामुळें मुलांना जुन्या इमारती दाखविण्याची त्यांना हौस होती. दिल्लीच्या मशिदी व मकबरे, आग्र्याचीं बांधकामें, फत्तेपूर सिक्रीचे तांबड्या दगडाचे चौक मुलीनें लहानपणींच पाहिले. त्या इमारतींत माणसांच्या वा प्राण्यांच्या मूर्ति जवळजवळ नाहींत. तेथें आहे ती भूमिति : चौकोनांत वर्तुळ, वर्तुळांत तारा, आणि दगडांत कोरलेल्या जाळीतून जमिनीवर पडणारा उजेडाचा तोच नमुना. भिंत, कमान व अंगण यांचें परस्परांशीं जें प्रमाण तेंच तेथें सौंदर्य. पुढें न्यूयॉर्कच्या कलावंतांना ज्या साध्या आकारांची महती पटली, ते आकार अलीगढच्या या मुलीनें पायांखालीं तुडविले होते.

महाविद्यालयांत त्यांनीं चित्रकला घेतली नाहीं; गणित घेतलें. १९५८ सालीं अलीगढ विद्यापीठाची गणिताची पदवी त्यांना मिळाली. गणिताच्या अभ्यासानें माणसास एक खोड जडते : जें सिद्धतेस आवश्यक नाहीं तें पानावर राहूं द्यावयाचें नाहीं. ती खोड त्यांच्या हाताला जन्मभर राहिली.

फाळणी झाली तेव्हां त्या दहा वर्षांच्या होत्या. अलीगढचें घर त्या वेळीं मोडलें नाहीं. पण त्याच्या पायाखालची जमीन हलली. १९५८ सालीं परराष्ट्रसेवेंतील एका अधिकाऱ्याशीं त्यांचा विवाह झाला व पतीबरोबर त्या बँकॉकला गेल्या. त्या तिकडे असतांनाच, १९५९ च्या सुमारास, आईवडील अलीगढ सोडून कराचीस जाऊन राहिले. सासरीं गेलेल्या मुलीला माहेर असतें, आणि तें जागच्या जागीं आहे या भरंवशावर ती परमुलखांत दिवस काढते. झरीनाबाईंचें माहेर पाठीमागें सीमेपलीकडे उठून गेलें. त्यांच्यापाशीं भारताचें पारपत्र होतें, आणि आईबापांकडे जाण्यास परदेशाची परवानगी लागूं लागली.

बँकॉकमध्यें लाकडाच्या ठशांवरून चित्रें छापण्याची कला त्यांनीं प्रथम हातीं घेतली. ही रीत आपल्याकडील छिटांच्या ठशांसारखीच आहे. सपाट फळीवर आकृति आंखतात. जेथें कागद कोरा राहावयाचा, तेवढा भाग पटाशीनें व कोरणीनें खोल करून काढून टाकतात. उरलेल्या उंच भागावर शाईचा रूळ फिरवून वर कागद दाबला, कीं त्या भागाचें उलटें प्रतिबिंब कागदावर उमटतें. चुकून एखादा कपचा जास्त उडाला, तर तो परत बसवितां येत नाहीं. आणखी एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पेन्सिलीनें रेषा काढणें हें एका क्षणाचें काम. पण लाकडाच्या ठशांत एक काळी रेषा हवी असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंचें सगळें लाकूड खरवडून काढावें लागतें. तेथें रेषा काढावयाची नसते, राखावयाची असते. बाकीचें सर्व गेल्यावर ती उरते.

पुढें १९६० नंतरच्या दशकांत झरीनाबाई पॅरिसला गेल्या व स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या कार्यशाळेंत शिकूं लागल्या. हेटर मूळचे इंग्रज. रसायन व भूगर्भ या शास्त्रांचा अभ्यास करून ते कलेकडे वळले होते. १९२७ सालीं त्यांनीं पॅरिसमध्यें सुरू केलेली मुद्राचित्रणाची शाळा पुढें 'अतलिए १७' या नांवानें जगभर प्रसिद्ध झाली. पिकासो व मिरो यांच्यासारख्यांनीं तेथें काम केलें होतें. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीनें रेषा कशी न्यावी, तिला जोर कोठें द्यावा व कोठें सोडावा, हें हेटर यांच्याइतकें जाणणारे थोडे होते. याच कार्यशाळेंत भारतांतून गेलेले कृष्ण रेड्डी यांनीं एक नवी रीत वाढीस लावली होती. कमीअधिक पातळ अशा निरनिराळ्या शाया एकाच पत्र्यावर लावून एकाच दाबांत अनेक रंग उठवावयाचे, ही ती रीत. पॅरिसच्या या रंगांच्या वैभवांत राहून झरीनाबाईंनीं तंत्र सगळें आत्मसात केलें, आणि रंग मात्र हळूहळू सोडून दिले. काळी शाई आणि कागदाचा स्वतःचा रंग त्यांना पुरेसा वाटला.

दिल्लीस परतल्यावर त्यांनीं जीं मुद्राचित्रें केलीं, त्यांत त्यांचा मार्ग स्पष्ट दिसूं लागला. टाकाऊ लाकडाचे तुकडे घेऊन, ते एकाशेजारीं एक मांडून, त्यांवर शाई लावून त्या छापीत. कोरण्याचें काम फारसें नाहींच. लाकडाच्या अंगच्या रेषा, गांठी व भेगा याच चित्र होत. १९६८ सालचें 'चुंबन' हें अशांपैकीं एक. नांवावरून कोणी प्रेमी युगुलाची कल्पना करील, तर कागदावर लाकडाच्या तुकड्यांचे ठसे तेवढे एकमेकांस भिडलेले. झाड कापलें गेलें, फळी झाली, फळी मोडली, तरी तिच्यांतील वर्षावर्षांच्या रेषा पुसल्या जात नाहींत. हें त्यांना लाकडानें शिकविलें.

१९७४ सालीं त्या टोकियोस गेल्या व तोशी योशिदा यांच्या कार्यशाळेंत जपानी रीतीचें काष्ठमुद्रण शिकल्या. जपानी कारागीर शाई पाण्यांत कालवितो, रुळाऐवजीं ब्रश वापरतो, आणि यंत्रानें दाबण्याऐवजीं बांबूच्या सालींत गुंडाळलेली एक चकती कागदाच्या पाठीवर हातानें घासून ठसा उठवितो. कागदहि तसाच, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला, दिसण्यांत नाजूक पण चिवट. जपानमध्यें कागद ही चित्राची नुसती बैठक नसून तो स्वतः एक मानाची वस्तु समजला जातो. कागदाविषयींचा हा आदर झरीनाबाईंच्या मनांत पूर्वींपासून होताच. टोकियोनें त्याला शिस्त लावली.

१९७६ सालीं त्या न्यूयॉर्कला येऊन राहिल्या, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या पतीचें निधन झालें. चाळिशीच्या उंबरठ्यावर, परक्या शहरांत, एकटीनें पोट भरून कला चालवावयाची असा तो प्रसंग होता. याच सुमारास, १९७५ ते १९७७ या काळांत, त्यांनीं कांहीं कागद नुसते सुईनें टोंचले. भरतकाम करणारे कारागीर नक्षीचा खाका टोंचतात, तसेंच हें काम. पण येथें खालीं कापड नाहीं, वर रंगाची पूड नाहीं आणि नक्षीहि नाहीं. निरनिराळ्या जाडीच्या सुयांनीं पाडलेल्या हजारों छिद्रांच्या ओळी तेवढ्या आहेत. छिद्राच्या कडेला कागद किंचित् उचलला जातो, त्यावर उजेड पडतो, बारीक सांवली पडते, आणि पांढऱ्यावर पांढरें चित्र उभें राहतें. न शाई, न रंग, न पेन्सिल. अल्पतमवाद याहून पुढें जाऊं शकणार नाहीं. पण त्या कागदाला अंगावरच्या कातडीसारखा स्पर्श आहे, आणि प्रत्येक छिद्रामागें एका हाताची हालचाल आहे. जड यांची पेटी कारखान्यांत तयार होऊं शके. हा कागद कारखान्यांत होऊं शकत नाहीं.

न्यूयॉर्कच्या कलावंतांचा परिणाम त्यांच्यावर झाला नाहीं, असें म्हणणें खरें होणार नाहीं. पेन्सिलीच्या फिक्या रेषांनीं सबंध पट भरणाऱ्या ॲग्नेस मार्टिन यांच्याशीं त्यांची तुलना नेहमीं केली जाते, आणि ती योग्यच आहे. तेथील स्त्रीकलावंतांच्या चळवळींतहि झरीनाबाई मिसळल्या. न्यूयॉर्क फेमिनिस्ट आर्ट इन्स्टिट्यूट या संस्थेंत त्यांनीं कागद करण्याची कला शिकविली. १९८० सालीं ए. आय. आर. या स्त्रियांनीं चालविलेल्या कलादालनांत क्यूबांत जन्मलेल्या ॲना मेन्डिएटा व जपानी काझुको मियामोतो यांच्याबरोबर त्यांनीं एक प्रदर्शन योजिलें. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका यांच्याशीं नातें असलेल्या अमेरिकेंतील स्त्रियांचीं कामें त्यांत होतीं. गोऱ्या स्त्रियांच्या चळवळींतहि आपण बाहेरच्याच आहों, ही जाणीव त्या प्रदर्शनामागें होती. म्हणजे न्यूयॉर्कनें त्यांना सोबत दिली, धीट केलें. परंतु आकार त्या बरोबर घेऊनच आल्या होत्या.

या काळांत कागदाचा लगदा सांच्यांत ओतून त्यांनीं शिल्पेंहि केलीं. काजळी, गेरू, ग्रॅफाइट असे मातीशीं नातें सांगणारे रंग त्या लगद्यांतच मिसळीत. त्यामुळें रंग वरून दिल्यासारखा न दिसतां आंतून मुरलेला दिसे. कागद म्हणजे हलकी, पातळ वस्तु. तिला येथें भिंतीच्या गिलाव्याचें वजन आलें.

१९९० च्या सुमारास घर हा विषय त्यांच्या कामांत उघडपणें आला. तोंवर जी भूमिति नांवावांचून वावरत होती, तिला आतां पत्ता मिळाला. अलीगढच्या घरावर त्यांनीं मुद्राचित्रांच्या मालिका केल्या. १९९४ च्या एका मुद्राचित्रांत वडिलांच्या घराची आंखणीच आहे. गवंड्यानें पाया घालतांना जमिनीवर फक्कीनें रेघा ओढाव्या, तसें तें घर वरून दिसतें. वरून पाहिलेल्या घरांत माणसें दिसत नाहींत. भिंती कोठें होत्या तेवढें दिसतें. त्याच काळांत धातूचीं चिमुकलीं, चाकांवरचीं घरेंहि त्यांनीं घडविलीं. चाकें असलेलें घर कोठेंहि नेतां येतें, आणि म्हणूनच तें कोठें स्थिर होत नाहीं.

१९९९ सालीं त्यांचें सर्वांत प्रसिद्ध काम पूर्ण झालें : 'घर ही परकी जागा आहे', अशा अर्थाच्या नांवाची ३६ मुद्राचित्रांची मालिका. ही मालिका आज न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहांत आहे. तिची घडण अशी कीं, झरीनाबाईंनीं प्रथम उर्दू शब्दांची एक यादी केली. घर, उंबरठा, भिंत, अंगण, वाट, अंतर, प्रवास, भाषा, सरहद्द अशा अर्थाचे ते शब्द होते. ही यादी त्यांनीं पाकिस्तानांतील एका सुलेखनकाराकडे पाठविली व त्याच्याकडून ते शब्द नस्तालीक वळणांत लिहवून घेतले. मग एकेका शब्दाला एकेक आकृति लाकडांत कोरली. कोठें आडवी पट्टी, कोठें चौकोनांत चौकोन, कोठें ठिपके. खालीं तो एक शब्द. लहान मुलांच्या चित्रमय अंकलिपींत 'क' कमळाचा असतो, तशीच ही अंकलिपि आहे. फक्त ती एका प्रौढ स्त्रीनें, गमावलेल्या जगाचीं अक्षरें पुन्हां गिरविण्यासाठीं केलेली आहे.

उर्दू ही त्यांची जन्मभाषा. अलीगढला ती घरोघर बोलली जाई. स्वातंत्र्यानंतर भारतांत तिची लिपि वाचणारे कमी होत गेले, आणि परदेशांत तर त्यांच्याशीं त्या भाषेंत बोलणारेंच माणूस दुर्मिळ झालें. घराच्या भिंती पडल्या तरी भाषा हें एक घर असतें, असा त्यांचा भाव होता. तेंहि ओस पडत चाललेलें त्यांना दिसत होतें. म्हणून चित्रांतील शब्द हा त्यांच्या लेखीं शोभेचा भाग नव्हता. थोरल्या बहिणीनें त्यांना अनेक वर्षें उर्दूंत पत्रें लिहिलीं. परंतु कांहीं पत्रें तिनें टपालांत टाकलींच नाहींत. आईबापांचें मरण, घराची विक्री असे ते मजकूर होते. दूर असलेल्या बहिणीला ते कळवावे कसे, हा तिला प्रश्न पडला असावा. पुष्कळ काळानें तीं पत्रें झरीनाबाईंच्या हातीं आलीं. २००४ सालीं त्यांनीं त्यांचे ठसे करून, त्यांवर घरांच्या आंखण्या व नकाशे छापून, 'घरचीं पत्रें' ही आठ मुद्राचित्रांची मालिका केली. कित्येक ठिकाणीं अक्षरें काळ्या आकृतीखालीं झांकलीं जातात. ज्याला उर्दू वाचतां येतें, त्यालाहि सगळें वाचतां येत नाहीं. दुःख सांगावयाचेंहि आहे आणि चव्हाट्यावर मांडावयाचेंहि नाहीं. हा संकोच त्या रचनेंत जसाच्या तसा उतरला आहे.

आतां आरंभीं सांगितलेल्या 'विभाजक रेषे'कडे वळूं. सर सिरिल रॅडक्लिफ हे इंग्रज कायदेपंडित ८ जुलै १९४७ रोजीं भारतांत आले. त्यापूर्वीं त्यांनीं हा देश पाहिलेला नव्हता. पंजाब व बंगाल यांच्या वांटणीची सीमा ठरविण्यास त्यांना सुमारें पांच आठवडे मिळाले. नकाशे व खानेसुमारीचे आंकडे पुढें ठेवून त्यांनीं निवाडा दिला, व तो १७ ऑगस्ट रोजीं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनीं, प्रसिद्ध झाला. लक्षावधि माणसें मारलीं गेलीं व कोट्यवधि बेघर झालीं. शाळेंतल्या भूमितींत रेषेची व्याख्या पाठ करवितात : जिला लांबी आहे पण जाडी नाहीं ती रेषा. कचेरींतल्या मेजावरील नकाशांत सीमेला खरोखरच जाडी नसते. परंतु ज्यांच्या घरांवरून, शेतांवरून, नात्यांवरून ती गेली, त्यांना ती जाडी समजली.

गणित शिकलेल्या झरीनाबाईंनीं ही रेषा कोरली ती जाड. आणि ती कोरण्याची रीत लक्षांत घ्यावी. फळींतील सीमेची रेघ त्यांनीं उंच राखली आणि तिच्या दोन्ही बाजूंचे प्रदेश पटाशीनें खरवडून काढले. छापल्यावर कागदावर एक रेषा तेवढी ठळक उभी राहिली, आणि दोहोंकडे खरवडल्याच्या तुरळक काळ्या खुणा. रॅडक्लिफ यांना जी रेषा पांच आठवड्यांत ओढावी लागली, तीच रेषा चौपन्न वर्षांनंतर एका स्त्रीनें आपल्या हातांनीं, कपचा कपचा काढून, पुन्हां उमटविली. त्या चित्रांत ना प्रेतांनीं भरलेल्या आगगाड्या आहेत, ना निर्वासितांचे तांडे. तें सगळें या खरवडलेल्या जागेंत गेलें आहे.

स्वतःच्या दुःखाजवळच त्या थांबल्या नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. २००३ सालीं त्यांनीं उद्ध्वस्त झालेल्या वा घाव सोसलेल्या नऊ शहरांवर नऊ मुद्राचित्रें केलीं : ग्रोझ्नी, साराजेव्हो, स्रेब्रेनित्सा, बैरूत, जेनिन, बगदाद, काबूल, अहमदाबाद व न्यूयॉर्क. मालिकेचें नांव अमेरिकन कवयित्री एड्रिएन रिच व त्यांच्याद्वारें गालिब यांच्याशीं नातें जोडतें. बहुतेक शहरें नकाशाच्या रेषांनीं दाखविलीं आहेत. न्यूयॉर्कला मात्र दोनच उभ्या रेषा पुरल्या. २००१ सालीं कोसळलेले ते दोन मनोरे. कोणाचा पक्ष नाहीं, कोणावर आरोप नाहीं. निरनिराळ्या धर्मांचीं व देशांचीं शहरें एकाच काळ्या शाईनें, एकाच मापांत, ओळीनें बसलीं आहेत. एक घर गमावलेल्या माणसाला दुसऱ्याचें पडलेलें घर ओळखूं येतें.

उतारवयांत त्यांच्या कामांत सोनें आलें. २०१० सालच्या 'डोळे दिपविणारा प्रकाश' अशा अर्थाच्या कृतींत जपानी कागदावर बावीस कसाचा वर्ख आहे आणि त्याला बारीक चिरा पाडलेल्या आहेत. काळी शाई ती स्मृतीची आणि सोनें तें प्रकाशाचें, असा कांहींसा तो बदल आहे. पण आकार तोच, साधा व उभा. २०११ साल त्यांच्या मायदेशाशीं पुन्हां नातें जोडणारें ठरलें. व्हेनिस येथील जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनांत त्या वर्षीं भारताचें अधिकृत दालन होतें, आणि मुंबईचे कवि व कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांनीं त्याची योजना केली होती. त्यांनीं निवडलेल्या कलावंतांत झरीनाबाई होत्या. सीमेमुळें माहेर तुटलेली, आयुष्याचा मोठा भाग परदेशांत काढलेली स्त्री तेथें भारताच्या वतीनें उभी राहिली. २०१२ सालीं लॉस अँजेलिसच्या हॅमर म्यूझियमनें त्यांच्या समग्र कामाचें प्रदर्शन भरविलें. 'कातडीसारखा कागद' अशा अर्थाचें त्याचें नांव होतें. पुढील वर्षीं तें न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्यूझियममध्यें व शिकागोस गेलें. पंचाहत्तरी गांठेपर्यंत ही कीर्ति वाट पाहत राहिली होती.

या कलेवर एक आक्षेप घेतां येण्यासारखा आहे व तो टाळूं नये. नांव वाचल्यावांचून, हकीकत ऐकल्यावांचून या चित्रांतून काय कळतें? 'विभाजक रेषा' हें नांव झांकलें, तर ती एखाद्या नदीची रेषा ठरेल किंवा भिंतीवरील भेग. हें खरें आहे. शब्दाच्या आधारावांचून ही चित्रें पुरतीं बोलत नाहींत. परंतु झरीनाबाईंच्या कामांत शब्द चित्राला मागून जोडलेला नाहीं. पुष्कळदां शब्द आधीं आहे आणि आकृति त्याच्या मागून आली आहे. समाधीच्या दगडावर नांव कोरलेलें असतें, तें काढलें तर उरतो तो नुसता दगड. म्हणून समाधि अपुरी आहे असें कोणी म्हणत नाहीं. दगड नांवाला धरून ठेवतो आणि नांव दगडाला अर्थ देतें. या कागदांचेंहि तसेंच आहे. आणि नांव कळल्यानंतर जो पुन्हां त्या रेषेकडे पाहतो, त्याला ती पूर्वींची रेषा राहत नाहीं, हीच त्या कलेची कसोटी.

छत्तीस मुद्राचित्रांच्या त्या मालिकेपुढें उर्दू लिपि न येणारा एखादा मराठी माणूस उभा राहिला, तर कागदावरच्या वळणदार अक्षरांनीं तो प्रथम बुजेल. ही परकी भाषा, हें परकें काम, असें त्याला वाटेल. अशा वेळीं शेजारच्या कोणी त्यांतला एक शब्द मोठ्यानें वाचून दाखवावा. उजवीकडून डावीकडे लिहिलेलें तें अक्षर उच्चारतांच त्याचा अर्थ त्याला विचारावा लागणार नाहीं. कारण त्या भाषेंतहि घराला 'घर'च म्हणतात.